'ब्लफ'ला मराठीत काय म्हणाल? आणि प्रेअरीला माळरान चालेल का?

बर्फातली_सुगरण
इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. जूनमध्ये आमच्या ओळखीतल्या दहाबारा घरांची सहल अ‍ॅफ्टन स्टेट पार्कला जायची आहे. हे मिनेसोटात, सेंट क्रॉय नदीच्या काठावर. पलीकडचा काठ विस्कॉन्सिनचा. उन्हाळ्यात निम्म्या घरांत कुणाचे ना कुणाचे आईवडील किंवा सासूसासरे आलेले असतात, त्यामुळे एक पानभर माहिती मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साधारण ३२ किलोमीटरच्या वाटा आहेत, काही नदीलगतच्या ब्लफमधून (म्हणजे नदीचा उंच, उभा काठ), काही वरच्या प्रेअरीतून (म्हणजे उंच गवताचा मोकळा प्रदेश). मी लिहिलं, 'नदीकाठचे कडे आणि माळरान यांतून जाणाऱ्या पायवाटा.'

सासऱ्यांनी वाचून कागद खाली ठेवला. ते साताऱ्याचे. म्हणाले, "कडा? गुडघा बदललाय माझा. आणि माळरान बघायला इथवर कशाला यायचं? माण-खटावात कुसळं कमी पडली का?" फोटो दाखवले, तर म्हणे, "हा कडा नव्हे. हे माळरानही नव्हे." मग काय? "ते तू बघ." आता तुम्हीच सांगा.

सडाफटिंग
तुमच्या सासऱ्यांना माझं मत. कडा म्हणजे उघडा कातळ, सरळ तुटलेला. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलाय, टोकाशी पालथं पडून खाली बघावं लागतं. तुमच्या फोटोत उतारभर ओकची झाडं आहेत. झाड जिथे आरामात उभं राहतं तो कडा कसला? सरळ 'दरड' लिहा. नदीने कापलेला उंच काठ म्हणजे दरड.

लिंबूटिंबू
दरड?! ज्येष्ठ मंडळींना 'चला, दरडीखालून फिरून येऊ' म्हणायचं? माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. हा शब्द आता 'कोसळली'ला सोबत घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

प्रवराकाठ
तो बातम्यांचा दोष, शब्दाचा नाही. आमच्याकडे शाळा बुडवून पोरं दरडीवरून नदीत उड्या टाकायची. पंचवीसतीस फूट उंच, मातीची, अंगावर वेड्या राघूंची बिळं. 'दरडीला भेटू' म्हटलं की कुठे ते कुणाला विचारावं लागत नसे. तेव्हा ती कधी 'कोसळली' नाही. म्हणजे कोसळायची थोडी थोडी दर पावसाळ्यात, पण त्याची बातमी होत नसे.

शुद्धमती
इतकी धडपड कशाला? संस्कृतात 'भृगु' म्हणजे तुटलेला कडा. कड्यावरून देह टाकण्याला 'भृगुपात' म्हणतात तो यावरूनच. नदीकाठचा आहे म्हणून 'तटभृगू' करा. नेमका, आटोपशीर आणि आपला.

लिंबूटिंबू
कड्यावरून देह टाकणे. वा! आता सासरे नक्की येतील.

शुद्धमती
टिंगल सोपी असते. सावरकरांनी सुचवलेले 'महापौर', 'दिनांक', 'क्रमांक' यांनाही लोक हसलेच होते. आज हसणारे तेच शब्द लिहून अर्ज भरतात.

सडाफटिंग
ते रुळले कारण ते रोज लागतात. तटभृगू तुम्हाला वर्षातून कितीदा लागणार? आणि सांगताना आधी भृगू म्हणजे काय ते सांगावं लागणार असेल, तर 'ब्लफ'च काय वाईट?

निवृत्त_खलाशी
'ब्लफ' हा मूळचा आमचा शब्द, म्हणजे दर्यावर्द्यांचा. जहाजाचा पुढचा भाग टोकदार नसून रुंद आणि जवळजवळ उभा असला की त्याला ब्लफ म्हणत. शब्द बहुधा डच. पुढे अमेरिकेत तो नदीच्या उभ्या, रुंद छातीच्या काठांना लागला. तेव्हा शोधायचा तर असा शब्द शोधा ज्यात 'छाताड पुढे काढून उभा' हा भाव येईल.

थापाड्या
माझा सिद्धांत याहून सरस आहे. हा पत्त्यांतलाच ब्लफ. होडीतून बघितलं की वाटतं डोंगर. धापा टाकत वर जावं, तर शिखर नाहीच, मागे मैलोन्मैल सपाट. ही थाप नाही तर काय? मराठी शब्द: थापकडा. हक्क राखीव.

निवृत्त_खलाशी
छान आहे, पण चूक आहे. पत्त्यांतला ब्लफ वेगळा. तो बढाई मारणे या अर्थाच्या डच क्रियापदावरून आला.

थापाड्या
दोन्ही डच. म्हणजे मी निम्मा बरोबर.

भूगोलमास्तर
थापाड्यांनी चेष्टेत मुद्द्याचं सांगितलं. हा डोंगर नव्हेच. हिमयुग सरताना आज लेक सुपीरियर आहे त्या बाजूला बर्फाच्या पाण्याचा प्रचंड तलाव साठला होता. त्याचं पाणी सेंट क्रॉयच्या वाटेने दक्षिणेला वाहिलं आणि त्या लोंढ्याने दरी कापली. जमीन वर आलेली नाही, नदी खाली गेली आहे. म्हणून आपला हिशेब इथे उलटा होतो. आपण गडावर आधी चढतो आणि परतताना उतरतो. अ‍ॅफ्टनला गाडी वर लागते, आधी घळींतून नव्वदेक मीटर उतरून नदीशी जायचं आणि दमल्यावर चढायचं. ताई, शब्द कोणताही वापरा, पण गुडघेवाल्यांसाठी ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहा.

शब्दच हवा तर 'थडी' आहे की. भीमथडी, गंगथडी.

प्रवराकाठ
मास्तर, थडी म्हणजे नदीलगतचा मुलूख. त्यात लांबीरुंदी आहे, उंची नाही. भीमथडीची तट्टं काही कड्यावर चरत नव्हती.

बर्फातली_सुगरण
मास्तर, उताराचं पटलं. ते आता सगळ्यात वर लिहिलंय. ब्लफचं चालू द्या, पण माळरानाबद्दल कुणी बोलेल का? स्टेट पार्कला मी 'राज्य उद्यान' लिहिलं होतं, तेही खोडलं. उद्यान म्हटलं की घसरगुंडी आणि बाहेर भेळेची गाडी दिसते.

वऱ्हाडी_पऱ्हाटी
माळ म्हणजे आमच्याकडची बरड जमीन. मुरूम, गोटे, वर बोटभर गवत. प्रेअरीची माती काळीभोर असते ना जी? त्याले माळरान म्हणणं म्हणजे वांग्याले काकडी म्हणणं.

गवत्या
मातीबद्दल तुम्ही बरोबर, गवताबद्दल नाही. प्रेअरीतलं मुख्य उंच गवत बिग ब्लूस्टेम. उन्हाळा संपताना ते पुरुषभर होतं आणि त्याचा तुरा तीन बोटांचा, पक्ष्याच्या पायासारखा दिसतो. आपली कुसळी, मारवेल, आणि हो, ज्वारीही गवतांच्या त्याच गटात येतात. चुलत घराणंच म्हणा. त्यामुळे सासऱ्यांना कुसळं आठवली त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

राहिला प्रश्न 'माळरान' हलकं वाटण्याचा. ते शब्दात नाही, आपल्या डोक्यात आहे. इंग्रजांच्या दप्तरात माळ 'पडीक' म्हणून लागला आणि आपण तेच खरं धरलं. माळढोकाच्या नावात माळ आहे, नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठी १९७९ मध्ये झालं. पडीक जागेसाठी कुणी अभयारण्य करतं का? तिकडे तरी काय झालं? मिनेसोटात एके काळी १ कोटी ८० लाख एकर प्रेअरी होती, आज शेकडा एकदोनच उरली. बाकी सगळी नांगराखाली गेली. अ‍ॅफ्टनमधली बरीचशी प्रेअरीही पूर्वीच्या शेतांवर पुन्हा बी पेरून आणलेली आहे.

लिंबूटिंबू
म्हणजे पेरलेलं माळरान? मग ते माळरान कसं?

शुद्धमती
'तृणभूमी' म्हणा. पेरलेलीही चालते, न पेरलेलीही.

भूगोलमास्तर
आम्ही तीस वर्षं वर्गात 'प्रेअरी'च शिकवली. प्रेअरी, स्टेप, पंपास, व्हेल्ड, डाउन्स. पोरं पाढ्यासारखं म्हणत. पाचही गवताळ प्रदेश, पण प्रत्येकाला त्याच्या गावचं नाव. तेच योग्य.

चीजनगरकर
मी विस्कॉन्सिनमधून. मास्तर, 'प्रेअरी' हे त्या गावचं नाव नाही! तो फ्रेंच शब्द, अर्थ साधा: कुरण. आमच्याकडे विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळते तिथे वायलूसिंग स्टेट पार्क आहे. पाचशे फूट उंच ब्लफ. त्या संगमावर १७ जून १६७३ ला जोलिए आणि मार्केट हे दोन फ्रेंच शोधप्रवासी होड्यांतून पोचले. पलीकडच्या गावाचं नाव आजही 'प्रेअरी दु शीन', शब्दशः 'कुत्र्याचं कुरण'. कुत्रा म्हणजे तिथल्या एका मूळनिवासी सरदाराचं नाव, असं सांगतात. मुद्दा असा की फ्रेंचांनी असलं गवत जन्मात पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी घरचाच शब्द लावला. त्यांना कुरण चाललं, तर आपल्याला माळ का चालू नये?

सडाफटिंग
मग कुरणच लिहा की.

लिंबूटिंबू
कुरण आता फक्त भ्रष्टाचाराचं असतं. तेही चराऊ.

पंतोजी
उशिरा आलो. माळाची बाजू घ्यायला मी थेट कालिदासाला आणतो. मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो, 'सद्यः सीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालम्'. नुकत्याच नांगरलेल्या मातीचा वास येतोय अशा 'माल' शेतावर चढ. दोन गोष्टी बघा. एक, हा माल ओसाड नाही, नांगरलेला आहे. दोन, मेघाला 'चढ' म्हटलंय, आणि टीकाकार मल्लिनाथ मालाचा अर्थ उंच भूमी असाच देतो. वर सपाट आणि खालून बघितलं तर उंच! म्हणजे सुगरणताईंचा ब्लफ आणि त्यावरची प्रेअरी, दोन्ही या एका शब्दात बसतात. घरातला माळा आणि माळवद हेही त्याच कुटुंबातले असावेत, असं मला आपलं वाटतं.

प्रवराकाठ
पंतोजी, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. माळा आणि माळ नुसते कानाला सारखे लागतात म्हणून सोयरीक जुळवू नका.

पंतोजी
'वाटतं' म्हणालो. पुरावा मागितलात तर गप्प बसेन.

कातळखोंब
आमच्या कोकणात तर उलटंच. उंच, सपाट, कातळाचा तो 'सडा'. आणि 'मळा' म्हणजे खालची, ओलाव्याची भातजमीन. देशावर मळा म्हटलं की विहीर, मोट, ऊस. तेव्हा माळ, मळा आणि सडा यांत 'उंच' कोण हे तुम्ही कुठल्या घाटाच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं. सुगरणताई, सासरे देवगडचे असते तर 'सडा' लिहून मोकळ्या झाला असतात.

बर्फातली_सुगरण
आणि सगळ्यांनी सहलीला जाताना रांगोळी नेली असती.

बरं, आणखी एक. पार्कवाले प्रेअरीला ठरवून आग लावतात, म्हणजे झाडं माजत नाहीत आणि गवत नव्याने फुटतं. मी 'वणवा लावतात' लिहिलं, तर नवरा म्हणतो हे गुन्ह्याची कबुली दिल्यासारखं वाटतंय.

कातळखोंब
वणवा लागतो किंवा पेटतो. मुद्दाम केलं तर 'जाळतात'. आम्ही भाताच्या रोपांसाठी 'राब' भाजतो, पण तो शब्द इथे ओढू नका.

वऱ्हाडी_पऱ्हाटी
एक राहिलंच. ताई 'पायवाट' लिहून राहिल्या. फोटोत तर वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद, गवत कापून केलेली. ते पांदण झालं.

सडाफटिंग
पाणंद. पांदण नाही.

वऱ्हाडी_पऱ्हाटी
आमच्याकडे पांदणच. पांदण रस्ता म्हणून सरकारी कागदावर आहे.

प्रवराकाठ
आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या सरकारी कागदावर पाणंद आहे. पण दोन्हीकडे ती दोन शेतांच्या मधून जाते, बाजूला कुंपण नाहीतर बांध असतो. मोकळ्या गवतातून जाते ती पाणंद कशी?

पंतोजी
पाणंदीत 'पाणी' आहे का? पावसाळ्यात तिचा ओढा होतो म्हणून विचारतो.

प्रवराकाठ
पंतोजी, पुन्हा?

बर्फातली_सुगरण
मंडळी, कागद काल रात्री छापून टाकला. 'नदीचा उंच, झाडीचा काठ आणि वरचा गवताळ माळ. आधी उतार, मग चढ. काठ्या आणाव्यात.' ब्लफ, कडा, दरड, भृगू सगळे गाळले. सासऱ्यांनी वाचला आणि विचारलं, "आणि वर बाकडी आहेत का?"

शुद्धमती
'बाकडी' पोर्तुगीज आहे.

वऱ्हाडी_पऱ्हाटी
सडाफटिंग भाऊ, तुम्ही कोणत्या जिल्ह्याचे ते आधी सांगा, मग पाणंदीचं बघू.