मदत हवी आहे: श्युट्झच्या कंटिन्युओचं काय करायचं?

मंडळी, सतराव्या शतकातला जर्मन संगीतकार हाइनरिश श्युट्झ, त्याचं ‘आइले मिश, गॉट’ (१६३६) बसवतोय. एक सोप्रानो (उंच पट्टीचा आवाज) नि खाली नुसता आकडेवाला बास, म्हणजेच कंटिन्युओ: खालची सुरावट लिहिलेली, तिच्यावर कोणती कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवायची ते आकड्यांनी सुचवलेलं; तीस वर्षांच्या युद्धात ड्रेस्डेनला वादकच मिळेनात म्हणून त्याने मोजक्या माणसांत भागवलं, आमच्या तर पथ्यावरच पडलं म्हणा! पण आमचा पियानोवाला आकडे बघूनच गांगरलाय. ६ म्हणजे बासवर तिसरा नि सहावा सूर, नुसता शार्प (♯) म्हणजे मेजर थर्ड (बासवरचा मोठा तिसरा सूर), एवढं समजलंय. पण सुरुवातीला बास लांब धरलेला आणि वर गाणं अगदी बोलल्यासारखं (‘स्टिलो ओरातोरिओ’ लिहिलंय), तिथे कॉर्ड धरून ठेवायची की वाजवून सोडायची? ऑर्गन नाहीये, मग हार्मोनियम चालेल की पियानोच बरा? आणि बासची ओळ वाजवायला सोबत चेलो हवाच का?