चर्चा: हात न लावता नुसतं बघायला अमेरिकेला जावं का?

रिट्रॅक्टर:
अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सची 'इंटरनॅशनल गेस्ट स्कॉलरशिप' 35 ते 50 वयाच्या, शिकवणाऱ्या सर्जनसाठी आहे. ऑक्टोबरातल्या क्लिनिकल काँग्रेसला, म्हणजे कॉलेजच्या वार्षिक परिषदेला, हजेरी लावायची, मग निवडलेल्या रुग्णालयांत जायचं. रुग्णाला हात मात्र लावायचा नाही. चाळिशीतल्या सर्जननं टेबलापासून लांब उभं राहावं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा ब्रिटनची 'मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह' बरी. जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी, 24 महिन्यांपर्यंत काम आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया.

टाका:
तुलनाच चुकते आहे, डॉक्टर. ती योजना प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा दिलीत तर एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7 हवेत. युनिट सांभाळणारा माणूस दोन वर्षं कसा जाईल? त्याचा हात तयारच असतो. त्यानं बघायचं ते टेबलाबाहेर. आपल्याकडे अजून कितीतरी वॉर्डांत ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारापासून पाणी बंद. दुपारी दोनला नंबर लागला की रुग्ण चौदा तास कोरडा. एरवी धडधाकट रुग्णाला हलका आहार 6 तास आणि पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं.

रिट्रॅक्टर:
हे वाचूनही कळतं.

टाका:
नियम कळतो. ऑपरेशनची यादी दोनदा बदलली की वॉर्डला कोण कळवतं, भूलतज्ज्ञ कुठे अडवतो, सिस्टरच्या हाती किती अधिकार असतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

फाइलवाला:
निवड झाल्यावर दौरा फसतो तो कागदांत, म्हणून लिहितो. रुग्णालयं क्षयाची तपासणी मागतात; लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची मॅन्टू, म्हणजे क्षयाची त्वचेवरची चाचणी, पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि पत्रव्यवहार. त्याऐवजी क्षयासाठीचीच रक्ताची इग्रा चाचणी चालेल का, ते आधीच विचारा. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांचे अँटीबॉडी रिपोर्टही तयार ठेवा. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत कधी तारीख मिळेल याचा भरवसा नाही, आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. तीन शहरं तर घेऊच नका. प्रत्येक रुग्णालय कागद नव्यानं मागतं आणि ओळखपत्रात दिवस जातात. एकाच ठिकाणी तीन आठवडे राहा.

रिट्रॅक्टर:
एकाच ठिकाणी राहणार असाल तर माझा विरोध निम्मा झाला. पण अर्जात 'रोबोटिक सर्जरी पाहणे' लिहिणाऱ्यांना विचारतो, तुमच्या कॉलेजात रोबो आहे का? नसेल तर तिथल्या मॉर्बिडिटी मीटिंगला, म्हणजे ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतींवरच्या चर्चेला, बसा. ती परत येऊन पुढच्याच आठवड्यात सुरू करता येते.