‘बीएलएमची जमीन आहे, कुठेही ठोका तंबू’ हे कुणी सांगितलं?

रानभैरी:
परवा एकाने लिहिलं, “हॉटेलवर पैसे कशाला घालवता? यूटातल्या मोआबच्या बाहेर पडलं की सगळी बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या जमीन खात्याची) जमीन. दिसला कच्चा रस्ता की वळा, ठोका तंबू. फुकट आहे, कुणी विचारत नाही.” त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून सविस्तर लिहितोय.

विचारतात. मोआबभोवती 128, 279 आणि 313 या रस्त्यांच्या कडेने आणि केन क्रीकला फक्त खुणा केलेल्या जागीच मुक्काम करता येतो. जिथे मोकळीक आहे तिथेही साधारण 28 दिवसांत 14 दिवस, मग ठरलेलं अंतर लांब जायचं. ते बऱ्याच ठिकाणी 25 मैल असतं. पुढच्या वळणावर तंबू हलवून चालत नाही. नॅशनल फॉरेस्टात मोटार व्हेइकल यूज मॅप (गाडी कुठे नेता येते ते दाखवणारा नकाशा) बघायचा: रस्त्याच्या कडेला ठिपके असतील तिथेच मुक्कामासाठी गाडी आत घेता येते. नकाशा फुकट आहे, फक्त रेंज जायच्या आधी उतरवून घ्या. आणि ॲरिझोनातली स्टेट ट्रस्ट जमीन, म्हणजे राज्याच्या मालकीची, यात येतच नाही, तिला वेगळा परवाना लागतो.

आधी गाड्या लागून टणक झालेल्या जागीच थांबा. वाळवंटातली ती काळपट खरखरीत खपली जिवंत असते. एकदा चाक गेलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

माझं स्पष्ट मत: गर्दीच्या भागात जागा आखा आणि पैसे घ्या. फुकट आहे म्हणूनच लोक उकिरडा करतात.

फुकट्या_आणि_अभिमानी:
नियम सगळे बरोबर. शेवटचं पैसे घ्यायचं मत साफ चूक. 2004 चा फेडरल लँड्स रिक्रिएशन एन्हान्समेंट ॲक्ट वाचा. मुक्कामाचे पैसे घ्यायचे तर तंबूची जागा, टेबल, पिण्याचं पाणी, रस्ता, वसुलीला माणूस, सुरक्षा, कचरापेटी, संडास, शेकोटीचं कडं या 9 पैकी निम्म्याहून जास्त सोयी हव्यात. उघड्या माळाचं भाडं सरकारला मागताच येत नाही. आणि टेबल-संडास आले की मागून आरव्ही (घरासारख्या मोठ्या गाड्या) येतात, रात्री दहापर्यंत जनरेटर. मग आम्ही कुठे जायचं?

रानभैरी:
त्याच कायद्यात जमा रकमेतले किमान 80 टक्के त्याच ठिकाणी खर्च करायची तरतूद आहे. ती सोयीस्कर गाळलीत.

पायवाट:
आखणं वेगळं आणि पैसे घेणं वेगळं, दोघेही गल्लत करताय. ॲरिझोनात सेडोनाच्या पश्चिमेला कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टने मुक्कामाचे पट्टे आखले, पैसे लावले नाहीत.

खरा दोष रीलवाल्यांचा. जागेचे अक्षांश-रेखांश टाकायचे, आणि शेकोटीबंदी आहे का ते बघायचं नाही. कॅलिफोर्नियात अशा जागी गॅसच्या शेगडीलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ऑनलाइन फुकट मिळतं, तरी कुणी काढत नाही.

फुकट्या_आणि_अभिमानी:
उकिरड्याचं म्हणाल तर त्याला सोपा उपाय आहे. शौचाला 6 ते 8 इंच खोल खड्डा, पाण्यापासून 200 फूट, वर माती. विषय संपला.

खडक_आणि_वाळू:
संपला नाही, तिथूनच सुरू होतो! खड्डा जंगलातल्या काळ्या, ओलसर मातीसाठी. यूटाच्या कोरड्या मातीत कुजवणारे जीव फार कमी, मैला तसाच राहतो. सलग खडक असेल तर 6 इंच खणणार कुठे? कागद तर जनावरं उकरून काढतात. मोआब परिसरात बऱ्याच भागांत पोर्टेबल टॉयलेट किंवा वॅग बॅग (मैला भरून परत न्यायची पिशवी) जवळ असणं बंधनकारक आहे.

पद्धत: 5 गॅलनची बादली, वर दाबून बसणारी सीट. आतली पिशवी बादलीवर उलटून पसरायची. ओल शोषणारी पावडर आधीच आत असते. लघवी शक्यतो बाहेर, कारण पावडर मर्यादित पाणीच धरते. मग पीळ देऊन गाठ, बाहेरच्या झिपवाल्या पिशवीत, हवा काढून बंद. चार माणसं, तीन दिवस: 12 पिशव्या आणि वर चार. उन्हात बंद गाडीत ठेवाल तर फुगतात. मागच्या स्पेअर टायरला लटकवायच्या थैलीत ठेवा. शेवटी साध्या कचरापेटीत चालतात. वॉल्ट टॉयलेटमध्ये (खाली टाकी असलेल्या बिनफ्लशच्या संडासात) अजिबात टाकू नका, उपसणाऱ्या गाडीची नळी तुंबते.

टमरेलवाला:
आणि पाण्याची सवय असलेल्यांनी?

खडक_आणि_वाळू:
आधी कागद, मग ओल्या कापडाने पुसा. दोन्ही पिशवीत. टमरेलभर पाणी ओतलंत तर पावडर हरते आणि पिशवी गळते. शिवाय वाळवंटात माणशी रोजचं एक गॅलन पिण्या-रांधण्यातच संपतं.

पायवाट:
शुल्कावर चर्चा होती, आता धागा पूर्ण संडासात गेलाय.

खडक_आणि_वाळू:
अहो, जागा बंद होतात त्या याच कारणाने! सभ्यपणा सांभाळत बसा, पुढच्या वर्षी तिथे फाटक दिसेल.

नेवाडाकर:
इतकं सगळं लिहिलंत आणि चिकणमाती कुणालाच आठवली नाही. यूटातला कच्चा कॉटनवुड कॅन्यन रोड कोरडा असताना साधी गाडीही जाते. पाऊस पडला की फोर-व्हीलचाही उपयोग नाही, बेंटोनाइट, म्हणजे तिथली चिकणमाती, टायरच्या खाचा भरून टाकते. अशा वेळी एकच काम: थांबा, रस्ता सुकू द्या. जुलै ते सप्टेंबर कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू नको, पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. भाड्याच्या गाडीचा करारही वाचा, बहुतेकांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो. अडकलात तर ओढून काढायचा खर्च तुमचाच.

फुकट्या_आणि_अभिमानी:
बरं, पिशव्या घेतो. बादलीसुद्धा घेतो, सीटसकट. शुल्क मात्र एक डॉलर देणार नाही.

रानभैरी:
देऊ नका. पुरेशा सोयी येईपर्यंत मागताही येत नाही, तुम्हीच कायदा दाखवलात. पण आखलेल्या जागीच थांबणार ना?

फुकट्या_आणि_अभिमानी:
खुणेचा खांब असेल तर.

टमरेलवाला:
ओलं कापड की बेबी वाइप्स? वाइप्स पिशवीत चालतात का?

खडक_आणि_वाळू:
चालतात. पुरायचे मात्र नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.