ओठावर 'पाल मुतली' तर असायक्लोव्हिर क्रीम नेमकं कसं लावायचं?

पऱ्हाटी_वाला: ओठाच्या कडेला पाण्याचे बारके फोड येतात, ज्याला आपल्याकडं 'पाल मुतली' म्हणतात, त्यावर असायक्लोव्हिर ५ टक्के क्रीम मिळते. ट्यूबसोबतचा कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. दिवसातून किती वेळा लावायचं? फोड फुटल्यावर चालते का? आणि घरात तीन महिन्यांचं बाळ असेल तर काय काय सांभाळायचं?

फार्मासिस्ट_दारव्हा: पालीचा काही संबंध नाही भाऊ, हा हर्पीसचा विषाणू. सगळा खेळ वेळेचा आहे. ओठाला मुंग्या येतात, चुरचुर सुटते, फोड अजून दिसत नाही, तेव्हाच लावायला सुरुवात करायची. विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढतो आणि असायक्लोव्हिर तेच काम अडवते. फोड भरून आले की बहुतेक प्रती काढून झालेल्या असतात. खरं सांगायचं तर वेळेवर लावूनही जखम अर्धा-एक दिवसच आधी भरते. एरवी ७ ते १० दिवस लागतात.

आधी साबणानं हात धुवा, जागा हळूच टिपून कोरडी करा. कान साफ करायच्या कापूसकाडीवर थोडंसं क्रीम घ्या आणि फोडावर व भोवतीच्या लाल जागेवर टेकवा. चोळायचं नाही, चोळलं की फोड फुटून त्यातलं पाणी बाजूच्या कातडीवर पसरते. वापरलेली काडी पुन्हा ट्यूबच्या तोंडाला लावू नका, फेका. हात परत धुवा. असं दिवसातून ५ वेळा, साधारण ४ तासांनी: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. झोपेतून उठून लावायची गरज नाही. ५ दिवस लावायचं, भरलं नाही तर आणखी ५ दिवस, त्यापुढं डॉक्टरला दाखवा. फोड फुटला तरी चालते. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा लावा, दुप्पट थर देऊन काही मिळत नाही.

थोडं झोंबते, ओठ सुकून सोलतो, तेवढं चालते. ओठ सुजला, पुरळ उठली तर बंद. गरोदर बाई किंवा १२ वर्षांखालचं लेकरू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

कातडी_विषय: ट्यूबवरचं नाव वाचून घ्या. 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की बीटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असलेलं मलम हाती येते. स्टेरॉइडनं लाली उतरते, माणसाला वाटते बरं झालं, आणि त्या जागेची लढायची ताकद दबल्यानं विषाणूला मोकळं रान मिळते. चुना आणि टूथपेस्टही लावू नका. चुन्यानं कातडी भाजते, मग फोड कोणता अन् भाजलं कोणतं हे डॉक्टरलाही कळत नाही.

हे क्रीम तोंडाच्या आत किंवा डोळ्यात घालायचं नाही. डोळ्याचं मलम वेगळं असते, ३ टक्क्यांचं, तेही डॉक्टरनं लिहून दिलं तरच. ओठावर फोड असताना डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. बुबुळावर डाग पडून नजर अधू होऊ शकते.

ओठाच्या कोपऱ्याला नुसती चीर पडली असेल तर ते बहुतेक हर्पीस नसते, तिथं हे क्रीम वाया. आणि नागीण तर वेगळाच विषाणू, ती क्रीमवर भागत नाही, गोळ्या लागतात.

नर्सबाई_गडचिरोली: बाळाबद्दल. खपली पूर्ण गळेपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही, मग ती आजी का असेना. पाहुण्यांना तोंडावर सांगा, राग आला तर येऊ द्या. पहिल्या महिन्यातल्या बाळात हा विषाणू मेंदूपर्यंत पोचून जीवावर बेतू शकते. तीन महिन्यांच्या बाळाचा धोका त्यापेक्षा कमी, पण सांभाळायचं तसंच. आईला फोड असेल तर हात धुवून, तोंडाला रुमाल बांधून अंगावर पाजायला हरकत नाही. स्तनावर फोड असेल तर त्या बाजूनं पाजू नका. बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, ताप आला, अंगावर पाणीदार फोड दिसले, तर घरी वाट पाहू नका, थेट दवाखान्यात.

मोठ्यांसाठी: पेला, दुपट्टा, बिडी वेगळी. एकाच पन्नीतला खर्रा सगळ्यांनी चिमटीनं घ्यायचा अन् तीच बोटं ओठाला, हे तेवढे दिवस तरी बंद करा जी.

पऱ्हाटी_वाला: दर उन्हाळ्यात काहून येते? आणि टिनाच्या घरात ट्यूब कुठं ठेवायची?

फार्मासिस्ट_दारव्हा: विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो, तिथं क्रीम पोचत नाही. कडक ऊन, ताप, जागरण यांनी तो पुन्हा उठतो. शेतात जाताना दुपट्टा ओठावरून घ्या, एसपीएफ ३० चा लिपबाम लावा. पण फोड आल्यावर वापरलेला बाम नंतर फेकून द्या.

ट्यूबवर लिहिलेलं तापमान पाहा, बहुतेक २५ किंवा ३० अंशांखाली असते. मे महिन्यात टिनाखाली ते शक्यच नाही. मातीच्या भिंतीचा कोनाडा किंवा खालच्या पेटीचा तळ बरा, फ्रीजमध्ये नको. पाणी सुटलं, दाणे झाले की टाका.

वर्षातून ५-६ वेळा येत असेल तर गोळ्यांचं डॉक्टरला विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आधी सांगा, कारण गोळ्यांवर भरपूर पाणी प्यावं लागते आणि उन्हात राबणाऱ्याच्या अंगात ते कमीच असते.

पऱ्हाटी_वाला: दोघांना एकच ट्यूब चालेल का?

कातडी_विषय: नाही. ट्यूब लहानच असते, एकाला पुरते. दुसऱ्याला दुसरी घ्या.