चालणं कमी होणं हा आजार की नुसतं वय?

वडील ७८ वर्षांचे. गेल्या महिन्यात तापाने दहा दिवस अंथरुणात होते. ताप गेला, पण पायांतलं बळही घेऊन गेला. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, बाथरूमपर्यंत भिंत धरून जातात. डॉक्टर म्हणाले, "वय झालं, काठी घ्या." आणली. अण्णांनी ती कपाटामागे सारली.

दिसेनासं झालं की मोतीबिंदू काढतात, तिथे कुणी वय सांगून घरी पाठवत नाही. मग चालणं गेलं तर त्याला आजाराचं नाव का नाही?

प्रतिसाद १
नाव आहे: सार्कोपेनिया, म्हणजे स्नायू आणि ताकद घटणं. शब्द १९८९ चा. अमेरिकेत निदानाचा स्वतंत्र कोड मिळायला २०१६ उजाडलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सांगते, नावाआधी मोजा. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठ-बस: १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी आहे. हात टेकावेच लागले तर तोही निकालच. नेहमीच्या चालीने चार मीटर जायला पाच सेकंदांहून जास्त नकोत. शेजारी कुणीतरी उभं राहा.

प्रतिसाद २
सगळं स्नायूंवर ढकलू नका. माझ्या आईचं चालणं बिघडलं ते झोपेच्या गोळीने, आणि ते कळायला आम्हाला चार महिने लागले. बी-१२, पार्किन्सन, कमरेच्या नसा, सगळं बघून घ्या. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा तपासा; उभं राहताच तो घसरला तरी तोल जातो.

प्रश्नकर्ता
यावर गोळी काही?

प्रतिसाद १
सार्कोपेनियासाठी मान्यताप्राप्त औषध अजून नाही. व्यायामाचा पुरावा मात्र भक्कम आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' अभ्यासाचे निकाल आले: ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक, सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ. ४०० मीटर चालणं ज्यांना अशक्य झालं, असे व्यायामाच्या गटात सुमारे ३० टक्के, आरोग्यावरची व्याख्यानं ऐकणाऱ्यांत ३५. फरक लहान वाटेल, पण आहे. आणि त्या व्यायामात नुसतं फिरणं नव्हतं. पायांना वजन लावून ताकदीचे व्यायामही होते. घरचे लोक नेमकं तेच टाळतात, पडतील म्हणून.

प्रश्नकर्ता
मोजलं. तिसऱ्यांदा हात टेकले, एकूण २३ सेकंद. अण्णा म्हणाले, "घड्याळ पुढे आहे तुझं." रक्तदाब मात्र आडवे असताना वरचा १४८, उभे राहिल्यावर ११८! रक्तदाबाची गोळी मनाने बंद केलेली नाही. उद्या हे आकडे डॉक्टरांपुढे ठेवतो.