अलीचं एक मिनिट: नुरेयेव, बॅरिश्निकोव की कोरेया?

गिरकी

गेले दोन आठवडे माझा रात्रीचा एकच उद्योग आहे. 'ले कॉर्सेर' या बॅलेतलं अलीचं एकल नृत्य वेगवेगळ्या नर्तकांचं लावायचं आणि बघत बसायचं. जेमतेम मिनिटभराचं प्रकरण. घरच्यांना ती धून पाठ झालीये आणि ते माझ्यावर वैतागलेत, म्हणून आता तुमच्या डोक्याला ताप.

पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बायरनच्या दीर्घकवितेवरून बेतलेली समुद्री चाच्यांची गोष्ट. कॉनराड हा त्यांचा सरदार, मेदोरा त्याची प्रेयसी आणि अली त्याचा गुलाम. अंगात सदरा नाही, घोळदार विजार, डोक्याला पट्टी. गोष्टीत अलीला तसं काम बेताचंच. पण मेदोराबरोबरच्या नृत्यात मध्येच अख्खा रंगमंच त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो आणि मग गोष्टबिष्ट सगळी बाजूला पडते.

माझं मत: नुरेयेव. तोही लंडनचा प्रसिद्ध नुरेयेव नव्हे, तर १९५८ साली मॉस्कोत विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत अल्ला सिझोवाबरोबर नाचलेला वीस वर्षांचा पोरगा. कृष्णधवल चित्रण आहे. लेनिनग्राडच्या बॅले शाळेत त्याला १९५५ साली प्रवेश मिळाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बाकीची मुलं तिथं नवव्या-दहाव्या वर्षी येतात. ती घाई त्याच्या अंगात दिसते. उतरल्यावर पाय दरवेळी एकमेकांना लागून नीट मिटत नाहीत, उतरताना कुठेकुठे तोल सावरून घेतो. पण उडीच्या वरच्या टोकाला पाठ मागे टाकतो ना, तेव्हा मी श्वास घ्यायची विसरते.

बॅरिश्निकोवने १९७७ च्या एका अमेरिकी चित्रपटात हेच नृत्य केलंय. निर्दोष. इतकं निर्दोष की मला काही होतच नाही. अमेरिकन बॅले थिएटरच्या चित्रणातला आंखेल कोरेया गोड आहे, पण गुलाम कुठाय? स्वतःच्या वाढदिवसाला आल्यासारखा हसतो.

पाचवी_पोझिशन

प्रचंड असहमत.

'पाय मिटत नाहीत पण आग आहे' हे नुरेयेवबद्दल इतक्यांदा ऐकलंय की आता पाय न मिटणं हाच आगीचा पुरावा मानायची वेळ आलीये. दुसऱ्या कुणी तसं केलं तर आपण त्याला कच्चा म्हणतो.

बॅरिश्निकोवचं काय बघायचं ते सांगतो. उडी सोडा, उडीच्या आधीचं बघा. बहुतेकांची उडी येणार हे आधीच कळतं. खांदे चढतात, प्लिए, म्हणजे उडीआधीचं गुडघे वाकवणं, जरा जास्तच खोल जातो, चेहऱ्यावर 'आता बघा हं' येतं. याचं चालणं कुठे संपलं आणि उडणं कुठे सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तुम्हाला काही होत नाही, कारण कष्ट दिसत नाहीत. तो त्याचा दोष कसा?

आणि दोघं एकाच गुरूचे शिष्य बरं का. अलेक्सांद्र पुश्किन. त्यामुळे 'तालीम वेगळी होती' ही पळवाट बंद.

अवांतर: त्या घोळदार विजारीला कमी लेखू नका. गुडघा अर्धवट वाकलेला राहिला तरी कापडात खपून जातो. घट्ट टाइट्स घालून राजपुत्र नाचताना सगळं उघड्यावर असतं.

शेवटची_रांग

धाग्यात रुझिमातोवचं नाव नाही? लेनिनग्राडच्या किरोव बॅलेचं १९८९ चं चित्रण बघून या, मग बोलू. ताश्कंदचा माणूस. हात संपले असं वाटतं तिथून पुढे आणखी वीतभर हात निघतात. मी एवढंच बोलून खाली बसतो.

पाचवी_पोझिशन

रुझिमातोव सुरेखच आहे. पण तो अली नाचत नाही, रुझिमातोव नाचतो.

शेवटची_रांग

आणि नुरेयेव काय नाचतो?

जुनी_संहिता

भांडण रंगात आलंय, पण तुम्ही तिघं एकच नृत्य बघताय असं धरून चाललाय. तसं नाहीये.

१८५६ साली पॅरिसमध्ये हा बॅले पहिल्यांदा झाला तेव्हा हे नृत्य त्यात नव्हतंच. ते आलं नृत्यरचनाकार पेतिपाच्या १८९९ च्या पीटर्सबर्ग पुनरुज्जीवनात. तेव्हा कॉनराड होता पावेल गेर्द्त, वय पन्नाशीच्या पुढे. नायिका पिएरिना लेन्यानी. तिला तोलून धरणं, उचलणं हे त्याच्याकडून काय होणार, म्हणून मदतीला एक तरुण नर्तक दिला आणि रंगमंचावर तिघं झाले. म्हणजे तुमचा हा धगधगता अली एका वयस्क नायकाच्या कमरेची सोय म्हणून जन्माला आला म्हटलं तरी चालेल.

पुढे १९३० च्या दशकात चाबुकियानी या नर्तकाने पुरुषाच्या भागाला आजचा वीरश्रीचा बाज दिला. मोठ्या झेपा, उघडी छाती, ताणलेली पाठ ही सगळी त्याची पुण्याई. त्यानंतर जो तो आपल्याला जमेल, शोभेल ते घालत आला. सांगाडा ओळखीचा राहतो. पण एक जण जिथे हवेत दोन फेरे घेतो तिथे दुसरा पायावर पाय वाजवून निघून जातो. संगीतसुद्धा जोडाजोडीचं. मूळ बॅले आदामचा, त्यात पुन्यी, दलीब, द्रिगो अशी ठिगळं पडत गेली. मग यातला बरोबर कोण आणि चूक कोण, हे कशाशी ताडून ठरवणार?

गिरकी

कमरेची सोय! :D हे माहीत नव्हतं. पण एकच बंदिश दहा जण दहा तऱ्हेने गातात आणि आपण तुलना करतोच की.

जुनी_संहिता

बंदिशीचे शब्द तरी तेच असतात, ताई. इथे एकाने दुसऱ्या ओळीपासून आपलेच शब्द घातलेत.

उलटा_पंखा

एक दुरुस्ती, कारण ही गल्लत सगळीकडे होते. एक पाय बाजूला काटकोनात धरून घेतलेल्या त्या लांबलचक गिरक्या, ज्या मोजत लोक ओरडतात, त्या एकलात नसतात. त्या येतात कोडात, म्हणजे नृत्याच्या समारोपाच्या भागात. कोरेयाचं निम्मं कौतुक त्या कोडाचं आहे आणि लोक ते एकलाच्या खात्यावर जमा करतात. तुलना करायची तर एका मिनिटाची करा, आधीचं आणि नंतरचं उधार आणू नका.

दुसरं, लय. मोठी उडी मारणाऱ्याला हवेत वेळ लागतो, म्हणून वाद्यवृंद त्याच्यासाठी रेंगाळतो. चपळ माणसाला तीच लय जड होते. एकेक चित्रण घड्याळ लावून बघा, काही सेकंदांचा फरक सहज निघतो. मिनिटभरात तेवढा फरक म्हणजे चेष्टा नाही. नर्तक समेवर आला म्हणून आपण टाळ्या देतो, पण कधीकधी समच त्याच्याकडे चालत आलेली असते.

खुर्ची_२३

कोरेयाच्या हसण्यावरून त्याला झोडपणं पटलं नाही. अमेरिकन बॅले थिएटरच्या ज्या चित्रणाबद्दल बोलताय, त्यात अख्खा बॅले आहे. कॉनराड तिथे ईथन स्टीफल आहे आणि तोही त्याच नृत्यात असतो. म्हणजे पुन्हा तिघं, १८९९ सारखं. अली आपल्या मालकासमोर, मालकाच्या आनंदात नाचतोय. तिथे तोंड पाडून नाचला असता तरच विचित्र दिसलं असतं. उलट नुरेयेवने १९६२ मध्ये लंडनला मार्गो फॉन्टेनबरोबर केलं ते नुसतं सुटं पा द द्यू, म्हणजे दोघांचं नृत्य. ना जहाज, ना चाचे, ना मालक. गोष्टच नाही, तर गुलाम कुणाचा?

शिवाय तो गुलाम म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपाने कल्पनेतला पूर्वेकडचा माणूस रंगवला: अर्धा उघडा, डोळ्यांत जाळ, मालकिणीपुढे गुडघ्यावर. आपण त्यालाच 'आग' म्हणतोय का, हे एकदा तपासा. कोरेयाचा अली मला निदान माणूस वाटतो.

गिरकी

शेवटचा मुद्दा लागला. पण सुट्या नृत्यातही नुरेयेव वाकतो तेव्हा कुणापुढे तरी वाकतोय असं दिसतं आणि ते वाकणं त्याला मंजूर नाही हेही दिसतं. हे मी बाहेरून चिकटवतेय असं वाटत नाही.

खुर्ची_२३

चिकटवताय. :)

दीड_फेरा

आयडीचं कारण सांगतो, विषयाला धरूनच आहे. तिशी उलटल्यावर मी चार वर्षं बॅले शिकलो. पुरुषांच्या वर्गात हवेत दोन फेरे घेऊन पाचव्या पोझिशनमध्ये उतरायचं असतं. म्हणजे दोन्ही पाय एकमेकांना घट्ट लागून, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांशी. चार वर्षांत माझा कायम दीड फेरा व्हायचा. उतरलो की समोर आरसा असायला हवा तिथे मागची भिंत! डोकं वळायला क्षणभर उशीर झाला की संपलं. हात छातीशी आणायला उशीर झाला तरी संपलं. आणि हात लवकर आणले तर उंचीच मिळत नाही.

त्यामुळे पाय नीट मिटलाय की नाही हे माझ्यासाठी नखरे काढणं नाही. अलीचा नर्तक हे सगळं दमलेल्या अंगाने करतो. नुकतीच त्याने नायिकेला डोक्यावर उचललेली असते, दंड थरथरत असतात. त्यात रशियातले जुने रंगमंच प्रेक्षकांकडे उतरते. त्या उतारावर तोल ज्याच्या अंगात मुरलाय, त्याला सपाट मंचावर तो नव्याने शोधावा लागतो आणि सपाटवाल्याला उतारावर. कोण कुठे नाचतोय हे न बघता गुण देऊ नका. चित्रपटातलं तर सोडूनच द्या, तिथे नको ते पुन्हा घेता येतं.

गिरकीताई, एक करून बघा. वही घ्या, आधी पडद्याचा खालचा अर्धा भाग झाका आणि सगळ्यांचं बघा. मग वरचा झाका.

पाचवी_पोझिशन

चित्रपटाबद्दल मान्य. तिथे मी जरा जास्त बोललो. पण बॅरिश्निकोवची बाकीची चित्रणं बघूनही माझं मत तेच.

गिरकी

केलं. दीड तास गेला.

पाय झाकले तर नुरेयेव. वादच नाही. मान, खांदे, तो छातीवर येणारा हात. बॅरिश्निकोव वरच्या अर्ध्यात चक्क शांत वाटतो, बस थांब्यावर उभा असावा तसा. मग वरचा भाग झाकला आणि नुसती पावलं बघितली. इथे मात्र बॅरिश्निकोव. पाऊल जमिनीला आधी विचारून मग टेकतं, असं काहीतरी. नुरेयेवची पावलं एकटी बघितल्यावर मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कोरेया दोन्हीकडे दुसरा. आणि वही काढल्यावर पहिला, हे लिहिताना माझं मलाच आवडत नाहीये.

रुझिमातोवला झाकणं जमलं नाही. पाठ एवढी मागे टाकतो की डोकं वहीखाली जातं.

शेवटची_रांग

:)

पाचवी_पोझिशन

म्हणजे पाय माझे. लेखी आलंय, नोंद घेतलीये.