लंडनचं लग्न बघणाऱ्या बायका गुलाम कशा?

कातळावरची:
परवा भाट्येकरांनी इथे लिहिलं, "ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं, त्यांच्या नातवंडांची लग्नं बघून डोळे पुसणाऱ्या आपल्या बायकांच्या डोक्यातून गुलामी अजून गेलेली नाही. राजेशाही म्हणजे इतिहासाचा कचरा. तो बघणं बंद करा." खाली वाहवा करणारे सगळे पुरुष. दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

२९ एप्रिल २०११, देवगड. आंब्याचा हंगाम ऐन भरात. आमच्या पडवीत आठ-नऊ बायका पेट्या भरत होत्या, संध्याकाळी ट्रक वाशीला निघायचा होता. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले की तिकडे विल्यम-केटचं लग्न, म्हणून आईने टीव्ही पार उंबऱ्यापर्यंत ओढून आणला. हात पेंढ्यात, डोळे पडद्यावर. आणि बोलणं कशावर? राणीवर नाही, मुकुटावर नाही. केटच्या बोटातल्या अंगठीवर. ती डायनाची. म्हणजे मेलेल्या सासूची, आणि वर नीलम! "नीलम सगळ्यांका सोसणा नाय," एक म्हणाली, "त्या बायेचा काय झाला ता सगळ्यांनी बघला." मग सासूची वस्तू सुनेच्या बोटात घालणं हा मान की अपशकुन, यावर पेटी भरता भरता अर्धा तास वाद झाला. एकीच्या सासूने मरेपर्यंत पाटल्या हातातून काढल्या नव्हत्या, तेही त्यात निघालं.

पुढे केटच्या पोशाखाबद्दल वाचलं ते मी त्यांना सांगितलं. लेस शिवणाऱ्या बायका दर अर्ध्या तासाने हात धुवायच्या आणि दर तीन तासांनी सुई बदलायच्या, कापडाला डाग लागू नये म्हणून. ऐकणाऱ्या बाईने चिकाने काळे पडलेले आपले हात बघितले. म्हणाली, "आमच्यासारख्याच म्हणायच्या. डाग पडलो की माल गेलो."

ह्या बायका राजा बघत नव्हत्या. एवढ्या मोठ्या घरात नवी सून कशी उभी राहते ते बघत होत्या. त्याच घरात १९८१ मध्ये आलेल्या सुनेचं काय झालं हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक होतं. मतदानाला उन्हात रांगेत उभ्या राहणाऱ्याही ह्याच. यांना गुलाम म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

भाट्येकर:
ताई, पडवीचं वर्णन छान. पण माझा मुद्दा तसाच राहिला. जन्माने पद मिळणं चूक की बरोबर, एवढं सांगा. ब्रिटनच्या राजघराण्याला सरकारकडून २०२४-२५ साली ८ कोटी ६३ लाख पौंड मिळाले, पुढच्या वर्षी तो आकडा १३ कोटी २१ लाखांवर गेला. वाढ कशाला, तर राजवाड्याच्या दुरुस्तीला. तिकडच्या सामान्य माणसाच्या घराची कौलं कोण शाकारतं?

आणि शाही लग्न म्हणजे नुसता पोशाख नव्हे. १६६१ चा करार आठवा. पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि आपली मुंबई आंदणात गेली. १६६८ मध्ये तीच मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला. बेटांवरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कोणी विचारलं होतं? ज्या लग्नात आपणच आहेरात गेलो, त्या प्रथेचं कौतुक मला जमणार नाही. शेवटचं, त्या बायकांना त्या दिवशी रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, किती दिलात, तेही लिहा.

कातळावरची:
रोजाचा विषय काढू नका. दिलाय, आणि घरचं जेवण दिलंय. मुद्दा संपला की माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो.

सावंतवाडीचो:
सगळ्या राजांना एकाच गोणीत भरू नका. आमच्या संस्थानाचं विलीनीकरण १९४८ मध्ये झालं, १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखेही गेले. त्यानंतर राजवाड्याने काय केलं? राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवींनी लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची कला, पुन्हा उभी केली. गोल पत्त्यावर दशावतार रंगवणारे हात तेव्हा बोटांवर मोजण्याइतके उरले होते. माझा मामा तिथेच ब्रश धरायला शिकला. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, एका रेघेला श्वास रोखायचा. त्याच्या तीन मुली त्यावर शिकल्या. सत्ता गेल्यावरही घराणं उपयोगी पडू शकतं, आमच्या घराने तो अनुभव घेतलाय.

भाट्येकर:
मामांना नमस्कार. पण हे तर माझ्याच बाजूचं झालं. सत्ता गेली, तनखा गेला, मग चांगलं काम झालं. राजेपण नसतानाच झालं ना?

सावंतवाडीचो:
लोकांनी विश्वास ठेवला तो घराण्याच्या नावावर. ह्या तुमका रत्नाग्रीत बसान कळाचा नाय.

मजगाववाली:
रत्नागिरीचं नाव निघालंच आहे तर बोलते. राजेशाहीवर एवढं भांडण चाललंय आणि थिबाचं नाव कोणी घेत नाही, हे आपल्याच गावात! ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलला, पुढच्या वर्षी इथे आणला, तो डिसेंबर १९१६ मध्ये इथेच मेला. तीस वर्षं. तो राजवाडासुद्धा त्याला १९१० मध्ये मिळाला. सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र बघत बसण्यापलीकडे काम नाही.

मला त्याच्यापेक्षा त्याच्या मुलींचं वाईट वाटतं. चार मुली, इथेच वाढल्या, वय वाढत गेलं. राजरक्ताचा नवरा पाहिजे म्हणून स्थळच नाही. थोरलीला शेवटी राजवाड्याच्या दरवानापासून मूल झालं, तो आधीच लग्न झालेला. ती मुलगी टूटू. राजाची नात, रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, गरिबीत संसार करत म्हातारी झाली. आमच्या आजीच्या पिढीला ती ठाऊक होती. शाही लग्नाबद्दल बोलताय ना? न झालेल्या लग्नांबद्दलही बोला.

महामार्गाचा मारलेला:
तुमचे राजे राहू देत बाजूला. माझ्या पुतणीची वरात मुंबई-गोवा रस्त्यावर चार तास अडकली होती, मुहूर्त गाडीतच टळला. २०११ पासून चौपदरीकरण ऐकतोय. लंडनला घोडागाडी वेळेत पोचते, त्यावर लिहा काहीतरी.

भाट्येकर:
रस्त्याचा वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने येतो.

मजगाववाली, थिबाचे अश्रू नकोत. १८७९ मध्ये गादी टिकवायला त्याच्या दरबाराने भाऊबंदांची कत्तल केली, बायकामुलांसकट. वारसाहक्काने राज्य आलं की भाऊ हाच शत्रू होतो. इंग्रज वाईट म्हणून थिबा चांगला होत नाही.

मजगाववाली:
मी थिबाला चांगला कुठे म्हटलं? मुलींबद्दल लिहिलं. त्यांनी कुणाला मारलं होतं? बापाचं राज्य गेलं तरी बापाचा तोरा त्यांच्या गळ्यात राहिला. तुम्ही वाचता की नुसते उत्तर देता?

सावंतवाडीचो:
२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थिबाच्या कबरीपाशी येऊन गेले, हेही लिहा. लष्करातून आलेला माणूस परदेशातल्या कबरीपुढे वाकतो, त्याअर्थी राजाचं नाव देशाला काहीतरी देत असणार.

भाट्येकर:
मेलेला राजा सगळ्यांनाच सोयीचा असतो. जिवंत राजाला तेच लष्कर वाकलं असतं का?

मजगाववाली:
पुन्हा राजा! मुली राहिल्याच बाजूला. माझी स्वतःची आत्या बिनलग्नाची गेली. घराणं मोठं, खोत घराणं, तोलामोलाचं स्थळ नाही. जमीन कुळकायद्यात गेली तरी आजोबांचा ताठा गेला नाही. आत्या माडीवरच्या खिडकीत बसायची, खालून गावातल्या वराती जायच्या. थिबा पॅलेसचा सज्जा बघितला की मला ती खिडकी दिसते. म्हणून सांगते, हा प्रश्न लंडनचा नाही.

कातळावरची:
मजगाववाली, अगं, हेच मला पहिल्या दिवशी म्हणायचं होतं, नीट जमलं नाही. जपानची राजकन्या माको २०२१ मध्ये साध्या मुलाशी लग्न करून घराण्याबाहेर पडली. तिथला नियमच तसा, बाहेर लग्न केलं की मुलीचं पद जातं, मुलाचं जात नाही. निघताना मिळणारे कोट्यवधी येनही तिने घेतले नाहीत. ती बातमी आमच्या पडवीत दोन दिवस पुरली होती. ब्रिटनमध्ये धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या पुढे जायचा, तो नियम २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने गेला. आपल्याकडे सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावायला किती भाऊ तयार असतात?

भाट्येकर, जन्माने पद मिळणं चूक आहे, हे मी मान्य करते. कधीच नाकारलं नव्हतं. त्या घराण्याला उद्या पगार बंद झाला तर मी रडणार नाही. पण तुम्ही राजांवर बोलायला निघालात आणि काठी हाणलीत बायकांवर. तो शब्द मागे घ्या.

भाट्येकर:
माझी आई सगळी शाही लग्नं बघायची. मी टीव्ही बंद करायचो, ती पुन्हा लावायची. ती काय बघते हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती नाही.

माझ्या मूळ पोस्टमधलं "आपल्या बायकांच्या" काढून "आपल्या सगळ्यांच्या" असं केलंय. राजेशाहीबद्दलचं एक अक्षर बदललेलं नाही, बदलणारही नाही. मुंबईच्या आंदणाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

कातळावरची:
बघितलं. आंदणाचं रात्री लिहिते, त्यावर मलाही बोलायचंय. आत्ता दारात गाडी उभी आहे, तीस पेट्या भरायच्या राहिल्यात.